दाजीचं पिंप

दाजी चोपडेकराची डावी भुवई गेली ती मोबाईलच्या बॅटरीपायी, आणि पुन्हा ती कधी नीट उगवली नाही. देवबागेत अजून कोणी विषय काढला तर लोक खुशाल सांगतात, की म्हाताऱ्याने बॅटरी भाजून खाल्ली. साफ खोटं. भाजली नव्हती, वितळवली होती. आणि त्याच्या जागी देवबागेतला दुसरा कोणीही जाणता माणूस असता तरी त्याने तेच केलं असतं.

कारण दाजीचा धंदा शिशाचा. जाळं पाण्यात नीट खाली बसावं म्हणून त्याच्या तळच्या दोरीत शिशाचे मणी ओवतात. ते मणी दाजी ओतायचा, त्याच्याआधी त्याचा बाप ओतायचा. ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्या मालवणच्या भंगारवाल्याकडून आणायच्या, फोडायच्या, आतलं शिसं लोखंडी कढईत वितळवायचं, वरची राख झाऱ्याने काढायची आणि साच्यात ओतायचं. जाळं कुजलं की मणी कापून परत दाजीकडे. पुन्हा कढई, पुन्हा मणी. त्या धुराने आपला खोकला वाढतो हे चाळीस वर्षांत त्याला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. "माझ्या बापाशीन ओतलेला शिसा अजून ह्या खाडीत फिरता," असं तो छाती काढून सांगायचा, आणि त्यात काडीची थाप नव्हती.

घरामागच्या मांगरात, म्हणजे अवजारांच्या खोपटात, ही कढई चढली की चार माणसं आपसूक जमायची. कोणी आपली जाळी घेऊन, कोणी नुसताच. शिसं वितळायला वेळ लागतो, तोवर गप्पा-गजाली. पण पुढे बाजारात तयार मणी आले, एकसारखे, गुळगुळीत, पिशवीत भरलेले. माणसं तिकडे वळली. वळणारच हो, कोण थांबतंय! त्यात दोन हजार तीन साली बायको सावित्री गेली. मुलगा सर्वेश वसईला कारखान्यात, सून-नातवंडं तिकडेच. मग काय, दाजी आणि थंड पडलेली कढई.

दोन हजार पाचचा एप्रिल होता. निकेत म्हणून एक तिशीतला संसारी माणूस मालवणच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानामागे मेलेल्या मोबाईल-बॅटऱ्यांचा ढीग दाजीने पाहिला आणि त्याचे डोळे चमकले.

"ह्यांचा काय करतंस रे?"

"काय करूचा? भंगारवालो घेत नाय. चार दिवसांनी खाडीत."

"माका दी."

बॅटरी म्हणजे शिसं, हा दाजीचा उभ्या आयुष्याचा हिशेब. मोठीत जास्त, धाकटीत कमी. पिशवी घेऊन तो एसटीने घरी आला, कढईत दोन किलो शिसं पातळ केलं आणि त्यात एक बॅटरी सोडली. एकच सोडली हे त्याचं नशीब, आणि शेजारच्या गंगूच्या घराचंही, कारण तिचं माडाच्या झापांनी शाकारलेलं स्वयंपाकघर मांगराला अगदी चिकटून आहे. बॅटरी आधी फुसफुसली, मग फाडकन फुटली. तापलेलं शिसं दाजीच्या हातावर उडालं, तोंडापुढे जाळ आला आणि भुवई चर्रकन जळली.

सगळी वाडी धावली. कोणी कोरफड आणली, कोणी डॉक्टरला बोलावलं. सत्यवान म्हणून एक होडीवाला होता, तो बघायला कमी आणि हसायला जास्त आला. तीन दिवस घरात माणसांची रीघ. गंगू दोन्ही वेळा पेज आणून द्यायची आणि दारात येईल त्याला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायची. दर खेपेला जाळ हातभर वाढायचा. सावित्रीच्या बाराव्यानंतर त्या घरात एवढी माणसं जमली नव्हती. चौथ्या दिवशी दोघं आली. पाचव्या दिवशी कोणी नाही. हातावरची जखम सुकायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर दाजीला तिचं सुकणं आवडलं नाही.

सहाव्या दिवशी आली ती गंगूची मुलगी रिया. कॉलेजात रसायनशास्त्र शिकायची. तिने उरलेली पिशवी मांगरातून उचलून बाहेर रेतीत ठेवली आणि दाजीची शाळा घेतली.

"आजानू, ह्याच्यात शिसा नाय."

"बॅटरीत शिसा नाय? मगे काय आसा, शिरा?"

"लिथियम आसा. तांबा आसा. आणि कोबाल्ट. किलोभर बॅटऱ्यांत दीडशे-दोनशे ग्रॅम. शिशापेक्षा कितीतरी म्हाग. आफ्रिकेत माणसां जमिनीत बिळां मारून तो काढतत, आणि आमी तोच खाडीत फेकतो. वर हेच्यातला पाणी इखारी. आवस माझी त्याच खाडीतली कालवां काढून इकता."

कोबाल्ट दाजीला कळला नाही, पण मोलाची वस्तू फेकायची नसते, ती पुन्हा कढईत जाते, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. "म्हणजे ह्यापण फिराक होयी," तो म्हणाला. "शिशासारखी."

"होय. पण तुमच्या कढयेत नाय हां!" रिया म्हणाली, आणि त्याच्या भुवईकडे बघून तिला हसू आवरेना.

तिनेच पत्ता शोधून पुण्याच्या एका कंपनीला पत्र टाकलं. ही कंपनी असल्या बॅटऱ्या गोळा करून परदेशातल्या भट्टीकडे पाठवायची. तिथे त्यातला धातू वेगळा काढतात. उत्तर दाजीच्या नावावर आलं. पन्नास किलो माल जमला की कळवा, आमचा टेम्पो येईल, भाव असा असा. तोवर प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि माल कोरड्या रेतीत ठेवा, उघड्या बॅटऱ्या एकमेकींना लागू देऊ नका, पेट घेतात. रियाने पत्र वाचून दाखवलं, दाजीने ते घडी घालून ट्रंकेत सावित्रीच्या लुगड्याखाली ठेवलं. मिळतील ते पैसे शाळेच्या पाण्याच्या टाकीला द्यायचे असं वाडीने ठरवलं. पन्नासाचा आकडा मात्र त्या दोघांपाशीच राहिला. बाकीच्यांना एवढंच ठाऊक, की पिंप भरलं की टेम्पो येणार.

आणि काय सांगू, माणसं येऊ लागली!

मासळीचं एक निळं प्लॅस्टिकचं पिंप दाजीने धुऊन सुकवलं, तळाला रेती घातली. निकेतने कुडाळ-वेंगुर्ल्याच्या दुकानदारांच्या कानावर घातलं. त्यांच्या पिशव्या एसटीच्या कंडक्टरांच्या हातून दाजीकडे येऊ लागल्या. आणि चिकटपट्टी लावायचं काम तर एकट्याचं नव्हेच. रातांबे फोडायला जशा बायका जमतात तशी संध्याकाळची पाच-सहा माणसं मांगरात बसायची. एकाने पट्टी कापायची, दुसऱ्याने बॅटरीच्या टोकाचे ते तीन सोनेरी ठिपके झाकायचे, तिसऱ्याने रेतीत निजवायची. मध्ये दाजीचा चहा. कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या जाळ्यात बांगडा लागला, कोणाची सून कोणाशी भांडली, सगळं त्या मांगरात निवडून व्हायचं. सत्यवान प्रत्येक बॅटरीला नाव द्यायचा. "ही गेली बिचारी, बोलान बोलान मेली. हिची मालकीण गंगूच असतली." आणि गंगू त्याला हातातली बॅटरी फेकून मारायची.

त्याच साली चतुर्थीला सर्वेश आला. बापाला एक साधा फोन दिला, नंबर लिहून दिला, म्हणाला, "बाबानू, रविवारी फोन करीन." पहिले काही रविवार केला. मग महिन्यातून दोनदा. मग कधी रविवारी, कधी मंगळवारी, कधी नाहीच. त्याचाही काही दोष नव्हता. पाळ्यांची नोकरी, दोन पोरं, वसईची पाणीटंचाई. पण वार सुटला आणि त्यामुळे दाजी अडकला. फोन कधी येईल याचा नेम नाही, म्हणजे तो कधीच बंद पडता कामा नये. दाजीने तो चार्जिंगला लावला आणि लावूनच ठेवला. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका, तीन वर्षं तो फोन भिंतीला दावणीच्या गुरासारखा बांधलेला. घराबाहेर पडला तरी दाजी फोन बरोबर नेत नसे. न जाणो, वाटेत संपला तर?

दोन हजार सातच्या दिवाळीत दाजीने सत्यवानाचा मासळी तोलायचा काटा उसना आणला आणि दुपारी, कोणी नसताना, पिंपातला माल टोपलीने तोलून काढला. बावन्न किलो भरला.

आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, घटकाभर. मग त्याच्या डोळ्यांपुढे टेम्पो आला. टेम्पोत चढणारं पिंप आलं. आणि त्यानंतरची संध्याकाळ आली, रिकाम्या मांगरातली. पुन्हा माणसं येतीलही, पण किती दिवसांनी? आणि एकदा सवय मोडलेला माणूस परत येतो? तयार मण्यांच्या वेळी त्याने बघितलं होतं की. त्याने टोपल्या पुन्हा पिंपात रिकाम्या केल्या. संध्याकाळी सत्यवानाने विचारलं, "तोललंस? झाला काय पुरा?"

"खंय रे!" दाजी म्हणाला. "अर्धा झाला. शंभर किलो सांगल्यानी आसत कंपनीवाल्यांनी."

आयुष्यात त्याने कोणाच्या शिशात मातीचा कण मिसळला नव्हता. हे पहिलंच खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. रिया तेव्हा एमएस्सीला कोल्हापुरात. आकडा ठाऊक असलेलं दुसरं माणूस सुटीला यायचं, "आजानू, बरे आसात?" विचारायचं आणि जायचं. तिने पिंपाकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. दाजीचा जीव भांड्यात पडला.

मग दुसरं पिंप आणलं. दुकानं वाढली होती, फोन वाढले होते, माल भराभर यायचा, आणि दाजीच्या मनात नवीच धास्ती शिरली. शंभर तर शंभर, पण तेही होणारच की! म्हणून तो काम लांबवायला लागला. आलेली पिशवी लगेच सोडायची नाही. "ऱ्हवांदे ती, बुधवारी बसू," म्हणायचं. म्हणजे बुधवारी माणसं येणार. पिशवी तशीच, पट्ट्या न लावलेली, मांगराच्या भिंतीशी चार-चार, आठ-आठ दिवस. पत्रातलं वाक्य त्याला पाठ होतं. तरीही.

दोन हजार नऊच्या मार्चात फोनचं पाठचं झाकण बसेना म्हणून तो निकेतला दाखवायला गेला. निकेतने बॅटरी काढून टेबलावर ठेवली. ती पापडासारखी फुगली होती, बोट लावलं की भिंगरीसारखी फिरायची.

"दाजीनू, चार्जिंगक किती येळ लावतास?"

"सदीच लावलेलो आसता."

"सदीच? कित्याक?"

"झिलाचो फोन इलो तर?"

निकेतने वर बघितलं. थट्टेचा शब्द त्याच्या जिभेवर होता, तो त्याने गिळला. "भरलेली बॅटरी भरत ऱ्हवली तर ती अशी फुगता," तो हळूच म्हणाला. "हिका उपाशी पण ठेवची नाय आणि सारखी भरवची पण नाय. नवी घालतंय, ही हयसर ठेवा."

"नको. माल गेलो की बघू." खरं म्हणजे नवी बॅटरी घालायला दहा मिनिटं लागली असती. पण दाजीला घाई होती, तीन वाजून गेले होते आणि फोन बंद होता. फुगलेली बॅटरी झाकणावरून रबर लावून तशीच बसवून तो घरी आला.

आणि एप्रिलातल्या एका भर दुपारी ते झालं. गंगू कालवं विकायला मालवणात, वाडी सामसूम, दाजी माजघरात आडवा. मांगरातून फुस्स असा आवाज आला. हा आवाज त्याच्या भुवईला ओळखीचा होता. तो धावला. कुडाळहून आलेली पिशवी, आठ दिवसांची, पट्टी न लावलेली, भिंतीशी धुमसत होती. पिशवीत बॅटऱ्यांबरोबर कोणी दुकानदाराने चार लोखंडी स्क्रू टाकले होते. भिंतीपलीकडे चिकटूनच गंगूच्या घराच्या झापा, चैत्राच्या उन्हात कडकडीत वाळलेल्या. दाजीने कढई ओढायचा आकडा उचलला, पिशवीत अडकवला आणि फरफटत बाहेर काढली. बॅटऱ्या एकामागून एक फटाफट फुटत होत्या. देवबागेत दुसरं काही नसेल पण रेतीला तोटा नाही. तो दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून टाकत राहिला, धूर विझला तरी टाकत राहिला. मग तिथेच रेतीत बसला.

कोणी बघितलं नव्हतं. रेती सारखी केली तर कोणाला कळलंही नसतं. पण त्या झापांच्या खाली गंगूच्या चुलीवरचा आमटीचा टोप दिसत होता, आणि कोनाड्यात रियाचा कॉलेजातला फोटो. आपल्याला संध्याकाळी दोन माणसं हवीत म्हणून आपण हे जाळायला निघालो होतो. "आग लागो माझ्या गजालींका," असं तो मोठ्याने बोलला. ऐकायला कावळेसुद्धा नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो निकेतकडे गेला आणि म्हणाला, "कंपनीक फोन लाव. माल तयार आसा म्हणान सांग."

टेम्पो आला तो शनिवारी सकाळी. वाडीतली सगळी माणसं गोळा झाली, शाळेच्या बाईदेखील. कंपनीचा माणूस तरुण, चष्मेवाला, हातमोजे घालून काम करणारा. सत्यवानाने आपला काटा टांगला. टोपली चढली, उतरली, चढली. शेवटी चष्मेवाल्याने कागदावर बेरीज केली.

"सत्त्याण्णव किलो! वा, काका, कमाल केलीत. पट्ट्याही किती व्यवस्थित लावल्यात." तो मनापासून कौतुक करत होता, बिचाऱ्याला काय ठाऊक. "पण इतका माल घरात कशाला साठवलात? धोका असतो हो. आम्ही तर पत्रात लिहिलं होतं, पन्नास झाले की कळवा म्हणून."

सत्यवानाचा हात काट्याच्या दोरीवर तसाच राहिला. शाळेच्या बाईंनी दाजीकडे बघितलं, मग खाली रेतीकडे. टाकीचे पैसे दीड वर्ष या मांगरात पडून होते, हे त्यांनी मनातल्या मनात जुळवलं असणार. कोणी एक शब्द बोललं नाही, आणि मालवणी माणूस जेव्हा बोलत नाही तेव्हा समजावं. दाजीला वाटलं, आता कोणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात, निदान सत्यवानाने तरी. पण सत्यवान काटा सोडवून खांद्यावर टाकून निघाला. एकेक करून सगळी गेली. गंगू तेवढी तिच्या कुंपणाशी उभी होती. तीही मग कालवांचा वाडगा घेऊन आत गेली.

चष्मेवाल्याचं लक्ष भिंतीवरच्या फोनकडे गेलं. रबर लावलेला, चार्जरला टांगलेला. त्याने झाकण काढून बघितलं आणि दचकला. "काका, ही बॅटरी तुमच्या पिंपापेक्षा वाईट आहे. ही मी नेतो." त्याने ती वेगळ्या डब्यात रेतीत ठेवली. टेम्पो सुरू झाला, खाडीच्या कडेने गेला आणि दिसेनासा झाला. घरात दोन रिकामी पिंपं, एक आंधळा फोन आणि दाजी.

रविवार गेला. सर्वेशचा फोन आला असेल की नाही, हे आता कळायलाही मार्ग नव्हता. सोमवार गेला. दाजीने दोन्ही दिवस पाच वाजता चहाचं आधण ठेवलं, मोठं, सहा कपांचं, आणि एकट्याने एक कप पिऊन बाकीचा माडाच्या मुळात ओतला. बाहेर पडावं, सत्यवानाच्या दारात जाऊन सांगावं, की बाबा रे, माका माणसां होयी होती, दुसरा काय नाय. पण असं कोणी सांगतं का? भूक लागली म्हणून मागता येतं, पैसे मागता येतात. माणूस मागायला कोणत्या तोंडाने जायचं? मंगळवारी त्याने आधणच ठेवलं नाही. पायरीवर बसून राहिला.

पाचच्या सुमारास कुंपणापलीकडे गंगूचा आवाज ऐकू येत होता. ती फोनवर रियाशी बोलत होती. फोनवर बोलताना ती इतकी ओरडते की फोन नसता तरी कोल्हापूरपर्यंत ऐकू गेलं असतं. मग आवाज थांबला. आणि थोड्या वेळाने गंगू स्वतः, पदर खोचून, कुंपणाची काठी सरकवून आत आली. तिने मूठ पुढे केली. मुठीत बॅटरी होती.

"घेवा. माझी मेली."

दाजीने हात पुढे केला. बॅटरी अजून कोमट होती.

"मेली?"

"मेली म्हणजे एकदम मेली. आत्ताच रियाक फोनार सांगलंय मी, की बाय गो, बॅटरी मेली, आता आठ दिवस फोन करू नको."

हे बोलून गंगूच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. दाजी हसला नाही. त्याने बॅटरी मुठीत घट्ट धरली.

"गंगू," तो म्हणाला, "पन्नासच सांगलेले गो त्यांनी. मी खोटा बोललंय."

"माका काय सांगतास? रियान माका तेवाच सांगल्यान, त्याच दिवाळेक. आणि मी सत्यवानाक सांगलंय. सगळ्यांका ठावक होता."

"सगळ्यांका?"

"मगे! शाळेतल्या बाई सोडून."

"आणि तरी येयत होतात?"

"नाय तर काय! बॅटरेंची आमका काय पडलेली हा?" गंगू उसळून म्हणाली. "शनवारी तो चष्म्याचो बोलान गेलो आणि सगळ्यांका लाज वाटली. सत्यवान म्हणता, आता खंयच्या तोंडान जावचा, म्हाताऱ्याक वाटात आमी कीव करतंव. मी म्हटलंय, तुमी बसा लाजत. माझी बॅटरी मेली हा, मी जातंय."

दाजीच्या हातातली बॅटरी त्याच्या फोनात नेमकी बसली असती. हे त्याच्या ध्यानात आलं. आत फोन रिकामा पडला होता, आणि सर्वेशने आज, आत्ता, याच घटकेला नंबर लावलेला असूही शकला असता. दाजीने एकदा आत बघितलं. मग तो उठला, मांगरातून चिकटपट्टीचं गुंडाळं आणि कातर घेऊन आला आणि गंगूच्या शेजारी पायरीवर बसला. पट्टी त्याने कापली, तीन सोनेरी ठिपके गंगूने झाकले.

"आधण ठेवतास काय?" ती म्हणाली. "सत्यवान कुंपणाआड उभो आसा मघापासून. तेका डास चावतत."